प्रदूषित प्लॉटवरची माती पुन्हा वापरायची असेल तर: पोकलेन येण्याआधी आणि आल्यावर

फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर. कारखाना पाडून झालेला असतो, तळघरासाठी दोन मीटर माती उचललेली असते, कोपऱ्यात डोंगराएवढा एकच ढीग उभा असतो आणि त्याला वास येत असतो. "साहेब, ही माती साफ करून इथंच वापरता येईल ना?"

आठवड्यापूर्वी विचारलं असतं तर सरळ हो म्हटलं असतं. आता त्या ढिगात स्वच्छ मुरूम, डिझेल लागलेली माती आणि प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) टाकीखालची पिवळी माती, तिन्ही एकजीव झालेली असतात. सगळा ढीग त्यातल्या सर्वांत वाईट मातीच्या भावाने हाताळावा लागतो.

तांदूळ आधी निवडतात, मग धुतात. धुऊन झाल्यावर खडे शोधत कोणी बसत नाही. मातीचंही तेच आहे. यंत्रं, औषधं, जिवाणू हे सगळं नंतरचं. पैसे वाचतात किंवा बुडतात ते निवडण्यात. म्हणून पुढच्या टप्प्यांपैकी निम्मे पोकलेन गेटातून आत येण्याआधीचे आहेत.

हा लेख वागळे इस्टेट, भोसरी, अंबड अशा ठिकाणच्या जुन्या इंजिनिअरिंग वर्कशॉप, प्लेटिंग युनिट, गॅरेज किंवा पेट्रोल पंपाच्या जागेसाठी आहे. कीटकनाशकांचे कारखाने, कचरा डेपो आणि किरणोत्सर्गी पदार्थांच्या जागा यात धरलेल्या नाहीत. हिशेब सोपा व्हावा म्हणून ६० बाय ४० मीटरचा एक प्लॉट डोळ्यांसमोर ठेवू.

## १. आधी कागद, मग जुनी माणसं

प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं मिळवा. कच्चा माल कोणता होता, घातक कचरा कोणत्या प्रकारचा आणि किती निघायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यासोबत मंजूर नकाशे, बॉयलरची नोंद आणि ट्रान्सफॉर्मर कुठे होता ते पाहा. जमिनीत डिझेल-पेट्रोलची टाकी असेल तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचा, म्हणजे पेसोचा परवाना शोधा. टाकी रिकामी करून वायुमुक्त केल्याशिवाय आणि रीतसर बंद केल्याशिवाय तिच्या आसपास गॅस कटर लावायचा नाही. हा नियम लिहिताना माझा हात थोडा जड होतो, पण लिहितो, कारण तो अजूनही मोडला जातो.

मग जुना फिटर, वॉचमन, निवृत्त सुपरवायझर यांपैकी कोणीतरी गाठा आणि त्याला प्लॉटवर पायी फिरवा. ऑफिसात बसून विचारू नका, जागेवर पाय पडला की आठवतं. एका प्लॉटवर नकाशात प्लेटिंग शॉप पूर्वेला होतं. निवृत्त फिटर मामा गेटातून आत आले आणि थेट पश्चिमेच्या कॅन्टीनकडे गेले. "पहिली टाकी इथं होती. गळायला लागली म्हणून बुजवली आणि वर कॅन्टीन बांधलं." नकाशावर विसंबलो असतो तर त्या कॅन्टीनखाली एकही भोक पडलं नसतं.

संशयाच्या जागा नकाशावर लाल पेनाने मांडा: प्लेटिंग आणि पिकलिंगच्या (धातू आम्लात धुण्याच्या) टाक्या, गटारं, सेप्टिक टाकी, जनरेटर, भंगाराचा कोपरा, रंगाचं बूथ, बॉयलरच्या राखेचा ढीग, ट्रान्सफॉर्मरचा ओटा.

सावधान: दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये आले आहेत. जागा संशयित आहे असं दिसलं तर प्राथमिक आणि नंतर सविस्तर तपासणी होते ती मंडळामार्फत. तेव्हा कागदांत संशय दिसला की मंडळाला पत्र द्या, पोच घ्या आणि मगच पुढे जा. "आपण गुपचूप साफ करून टाकू" असं म्हणणारा भागीदार असेल तर पत्रावर त्याचीही सही घ्या.

## २. नमुने: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

जाळी आखा. दहा-दहा मीटरचे चौकोन केले तर आपल्या प्लॉटवर २४ चौकोन होतात. प्रत्येकाला नंबर द्या (अ१, अ२…) आणि कोपऱ्यांवर रंगवलेल्या खुंट्या मारा. एक चौकोन एक मीटर खोल धरला तर १०० घनमीटर माती, म्हणजे जागेवर ३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खणल्यावर फुगून ४५च्या आसपास. हा आकडा पाठ ठेवा, ढिगांसाठी जागा किती लागेल ते यावरून ठरतं.

प्रत्येक चौकोनात किमान एक भोक, लाल जागांवर जास्त. पृष्ठभागाचे १५ सेंटिमीटर, मग अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर. यापेक्षा महत्त्वाची खोली म्हणजे भराव संपून मूळ जमीन जिथे सुरू होते ती. वरून झिरपलेलं पाणी आणि तेल काळ्या चिकणमातीवर येऊन अडतं आणि आडवं पसरतं. दोन मीटरला नमुना घेतला आणि हा सांधा १.४ मीटरला असेल तर अहवाल छान येतो आणि माती खराबच राहते.

शेजारच्या स्वच्छ जागेचे नमुनेही घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग घाबरतात. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियम मुळातच जास्त असतं. कॅनडात निवासी जमिनीसाठी एकूण क्रोमियमची मर्यादा किलोला ६४ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडची काळी माती कारखाना नसतानाही ती सहज ओलांडते. म्हणून क्रोमियमच्या बाबतीत एकूण आकड्यासोबत हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी, पाण्यात विरघळणारं रूप) वेगळं तपासायला सांगा. घात करतं ते हे दुसरं.

नमुना भरण्याची रीत प्रदूषकानुसार बदलते.

धातूंसाठी स्वच्छ प्लास्टिक पिशवी किंवा डबा चालतो. चौकोनातल्या चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून सरासरी नमुना केला तरी हरकत नाही.

पेट्रोल, थिनर, ट्रायक्लोरोइथिलीन अशा उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी हे अजिबात करायचं नाही. माती घमेल्यात कालवली की जे शोधायचं तेच हवेत जातं. ताज्या कापलेल्या बाजूतून लगेच काचेच्या बाटलीत घ्या, झाकण घट्ट लावा आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. प्रयोगशाळेकडून मिथेनॉल घातलेल्या बाटल्या आधीच मागवता येतात. उन्हात उभ्या जीपच्या डिकीत चार तास राहिलेला नमुना प्रयोगशाळेत नेण्यापेक्षा फेकून द्या, तेवढी फी तरी वाचेल.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची हवी, आणि तुम्हाला हव्या त्या चाचणीसाठीच ती मान्यता आहे का ते तिच्या यादीत पाहा. पिण्याच्या पाण्यासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा मातीचा अहवालही त्याच लेटरहेडवर देते. माणूस शिक्का बघतो, यादी बघत नाही.

दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोन भाग करून वेगळ्या नंबराने पाठवा. दोन्ही उत्तरं जवळपास आली नाहीत तर चूक नमुना घेण्यात आहे की प्रयोगशाळेत, हे आधी शोधा.

भूजलासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. दोन विहिरींवरून पाणी कोणत्या दिशेने वाहतं ते कळत नाही.

तपासा: प्रत्येक बाटलीवर चौकोन, खोली, तारीख, वेळ आहे? सोबतच्या कागदावर नमुना देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही आहे? ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याखालच्या मातीत पीसीबी (ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या तेलातलं विषारी रसायन) तपासायला सांगितलं आहे?

## ३. "स्वच्छ" म्हणजे किती, हे आधी ठरवा

एकाच मातीचं उत्तर वापरानुसार बदलतं. कॅनडाच्या मार्गदर्शक मर्यादा पाहा (आपल्याकडची सुरुवातीची मार्गदर्शक तत्त्वं बऱ्याच अंशी त्यांवरच बेतली होती): शिशासाठी निवासी जमिनीला किलोमागे १४० मिलिग्रॅम, व्यापारी वापराला २६०, औद्योगिक वापराला ६००. म्हणजे ३०० मिलिग्रॅम शिसं असलेली माती कारखान्याच्या आवारात चालेल, मुलांच्या खेळण्याच्या जागेत नाही. तुमच्या प्लॉटला कोणत्या मर्यादा लागू होतात ते मंडळाकडून लेखी घ्या. तोंडी आकड्यावर टेंडर काढू नका.

दुसरी गल्लत दोन चाचण्यांची. एकूण प्रमाण सांगतं की लहान मूल माती लागलेला हात तोंडात घालेल तेव्हा पोटात किती जाईल. टीसीएलपी चाचणी सांगते की आम्ल पाण्यात किती विरघळून बाहेर येईल. माती घातक कचरा ठरते की नाही ते तिच्यावरून बघतात. शिशासाठी ही मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, कॅडमियमसाठी १, पाऱ्यासाठी ०.२.

यात एक सोपी युक्ती आहे. टीसीएलपीमध्ये मातीच्या वीसपट द्रव घेतात, त्यामुळे एकूण प्रमाणाला २० ने भागलं की जास्तीत जास्त किती येऊ शकतं ते कळतं. शिसं किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर सगळंच्या सगळं विरघळलं तरी ५ ओलांडणार नाही. अशा नमुन्यांवर टीसीएलपीचे पैसे घालवू नका.

पण टीसीएलपी पास म्हणजे बागेत चालेल, असं नाही. ती चाचणी कचऱ्याच्या खड्ड्याची परिस्थिती गृहीत धरून बनवलेली आहे. पुनर्वापरासाठी साध्या पाण्यातली निक्षालन चाचणीही (मातीतून पाण्यात किती विरघळून येतं ती) करून घ्या.

## ४. खणण्याआधी कागदावर ढीग पाडा

अहवाल आले की नकाशाचे चौकोन थरांसकट रंगवा.

हिरवा: लागू मर्यादेच्या आत. कुठेही वापरता येईल.
पिवळा: उपचार केल्यावर ठरावीक जागी वापरता येईल. पिवळ्याचेही दोन भाग करा, तेलाचा आणि धातूंचा. ते कधीही एकत्र करायचे नाहीत.
लाल: इथे उपचार परवडत नाही किंवा परवानगी नाही. घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रात, म्हणजे टीएसडीएफला. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. वाहतूक २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार फॉर्म १०च्या मॅनिफेस्टसह (कचरा कुठून निघाला, कुठे पोचला याचा कागद).

प्रत्येक रंगाचे ब्रास काढा. मगच खर्चाचा अंदाज करा आणि मगच ठेकेदार शोधा.

सावधान: "लाल मातीत चार गाड्या मुरूम मिसळा, आकडा खाली येईल." हे मी दर दुसऱ्या साइटवर ऐकतो. आकडा खाली येतो, विष तेवढंच राहतं आणि खराब माती पाचपट होते. शिवाय ढिगात सगळीकडे सारखी मिसळत नाही. मंडळाच्या माणसाने नेमका जिथे हात घातला तिथे खराब मातीचा गोळा निघाला, असं झालेलं आहे.

## ५. जागेची मांडणी आणि पावसाचं वेळापत्रक

आपल्याकडे खरा ठेकेदार पाऊस आहे. नमुने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, खोदाई डिसेंबरपासून, आणि मेअखेर एकही ढीग उघडा नको. फेब्रुवारीत नमुने घेऊन एप्रिलमध्ये खणायला सुरुवात केलेली साइट जूनमध्ये माझ्या काळजाचा ठोका चुकवते.

ढिगांसाठी तळाला दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई (टिकाऊ प्लास्टिक) शीट, तिच्या खाली-वर बारीक माती किंवा वाळूचा थर (खडीवर थेट अंथरली तर भोकं पडतात), कडेला बांध, एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे पाणी गोळा करायचा खड्डा. वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर विटा ठेवू नका, वाळूच्या पिशव्या दोरीला बांधून टाका. गेटजवळ टायर धुवायची जागा. ते पाणीही पावसाळी गटारात जाता कामा नये.

मजुरांची पत्र्याची घरं कुठे आहेत ते बघा. एका साइटवर सगळं काटेकोर होतं, शीट, बांध, मॅनिफेस्ट. आणि संध्याकाळी पिवळ्या ढिगाच्या पायथ्याशी दोन-तीन वर्षांचं एक पोर नारळाच्या करवंटीने माती उकरून भातुकली खेळत होतं. त्याची आई दहा पावलांवर भाकऱ्या थापत होती. दुसऱ्या दिवशी वस्ती हलवली, पण ती पहिल्या दिवशीच दुसरीकडे असायला हवी होती. वस्ती प्लॉटबाहेर ठेवा. तसं जमत नसेल तर जिकडून वारा येतो त्या बाजूला, हिरव्या चौकोनांवर आणि मध्ये पत्र्याचं कुंपण. हातपाय धुवायला नळ, जेवायची वेगळी जागा, कामाचे बूट साइटवरच काढून ठेवायचे. क्रोमियम आणि शिशाच्या मातीवर काम करताना धुळीचा योग्य मास्क हवा; रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

तपासा: बादलीभर पाणी शीटवर ओता. ते खड्ड्यात पोचतं का? नाही पोचलं तर आत्ता दुरुस्त करा, वर ४५ ब्रास पडल्यावर नाही.

## ६. खणणं: रंगाच्या क्रमाने

हिरवं आधी, पिवळं मग, लाल शेवटी, असा क्रम जमेल तिथे ठेवा, म्हणजे बकेटला लागलेली घाण स्वच्छ मातीत जात नाही. पण लाल वर आणि हिरवं खाली असेल तर लालच आधी काढावं लागतं. मग बकेट खरवडून, धुऊन पुढे.

खणण्याआधी जमिनीवर विखुरलेले सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे हाताने वेचून घ्या. जुने पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस. ते ओले करून, जाड पिशवीत, दुहेरी बांधून वेगळे ठेवा. क्रशरमध्ये एक पत्रा गेला की सगळं डबर वाया.

पोकलेनच्या ऑपरेटरला नकाशा देऊन भागत नाही. त्याच्या शेजारी दिवसभर एक माणूस हवा, ज्याच्याकडे थांबवायचा अधिकार आहे. त्याच्या हातात तेलासाठी पीआयडी मीटर (तेलाची वाफ मोजणारं) आणि धातूंसाठी एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू मोजणारी) असेल तर उत्तम. दोन्ही भाड्याने मिळतात. एक्सआरएफ हेक्साव्हॅलंट आणि साधं क्रोमियम यांत फरक करत नाही, आणि ओल्या मातीत आकडा कमी दाखवते, एवढं लक्षात ठेवा. पीआयडीसाठी पिशवी अर्धी भरून तोंड बांधा, काही मिनिटं सावलीत ठेवा आणि मग नळी आत घाला. खड्ड्यावर मीटर नुसतं फिरवून वाऱ्याचा आकडा घेऊ नका. वास घेऊन माती ओळखायची सवय ऑपरेटरला असते, ती मोडा. दोन तासांत नाकाला वास कळेनासा होतो, आणि क्रोमियमला वासच नसतो.

प्रत्येक डंपरला चिठ्ठी: कुठल्या चौकोनातून, किती खोलीवरून, कुठल्या ढिगावर, किती वाजता.

माती प्लॉटबाहेर जाणार असेल तर गौण खनिजाचा विषय येतो. त्याच प्लॉटवर भरावाला वापरलेल्या मातीच्या स्वामित्वधनाबद्दल (खनिजासाठी सरकारला भरायच्या रकमेबद्दल) सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा निकाल आहे, पण तो खिशात घालून गाडी गेटबाहेर काढू नका. तहसील कार्यालयात आधी विचारा.

सावधान: खड्डा भरण्याआधी तळाचे आणि भिंतींचे नमुने घ्या. मी तळाला दर १०० चौरस मीटरला एक आणि भिंतीला दर दहा मीटरला एक घेतो. अहवाल येईपर्यंत खड्डा उघडा ठेवणं ठेकेदाराला सहन होत नाही. भिंतीत एक पिवळा पट्टा राहिला तर वर भरलेली साफ माती पुन्हा उपसावी लागते, हे त्याला सही घेऊन सांगा.

## ७. उपचार

### चाळणी आणि धुलाई

प्रदूषण बहुतेकदा बारीक कणांना चिकटून असतं, खडी आणि जाड वाळू तुलनेने स्वच्छ असते. धुलाईचं सगळं तत्त्व एवढंच: बारीक वेगळं काढा. लंडनच्या २०१२च्या ऑलिंपिक उद्यानात तेल, डांबर, आर्सेनिक, शिसं लागलेली माती धुण्याची यंत्रं थेट जागेवर उभी केली होती आणि बरीचशी माती तिथेच परत वापरली गेली. हा दाखला देऊन आपल्याकडे यंत्र विकायला येणारे भेटतात. तिथल्या मातीत वाळू-खडी पुरेशी होती, हे ते सांगत नाहीत.

यंत्राच्या भाड्याची चौकशी करण्याआधी दहा किलो माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुवा. खाली गेलेलं वाळवून वजन करा. ते एकतृतीयांशाच्या वर असेल तर धुलाई विसरा. एवढा गाळ दाबून, वाळवून टीएसडीएफला पाठवण्यात नफा निघून जाईल. काळ्या मातीवर हे जवळपास नेहमीच होतं. मुरूम आणि डबराच्या भरावावर धुलाई चालते. दोन्ही भाग वेगवेगळे तपासायला पाठवा, कारण जाड भागच खराब निघाला (भंगाराचे कण, वेल्डिंगचा मळ) तरीही धुऊन उपयोग नाही.

### डिझेल आणि तत्सम तेल: बायोपाइल

बायोपाइल म्हणजे तेलकट मातीचा ढीग करून त्यातल्या जिवाणूंना ते तेल खायला लावणं. जिवाणू मातीत असतातच. त्यांना हवा, ओल आणि नत्र-स्फुरद द्यायचं. प्रमाण कार्बन १०० : नत्र १० : स्फुरद १.

हिशेब करून बघू. ३०० टन माती, टीपीएच (एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन) किलोला ८,००० मिलिग्रॅम. म्हणजे २,४०० किलो तेल, त्यात कार्बन अंदाजे २,००० किलो. नत्र हवं २०० किलो, स्फुरद २० किलो. डीएपीमध्ये स्फुरद सुमारे २० टक्के, म्हणून १०० किलो डीएपी; त्यातून १८ किलो नत्र मिळतं. उरलेल्या १८२ किलो नत्रासाठी सुमारे ४०० किलो युरिया. सगळा एकदम टाकू नका, अमोनियाने जिवाणूच मरतील. चार हप्त्यांत द्या.

ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको. चिकट माती असेल तर भाताचं तूस किंवा उसाची चिपाडं मिसळा, हवा खेळते. तळाशी भोकं पाडलेल्या पाइपांतून ब्लोअरने हवा द्या, नाहीतर दर दहा-पंधरा दिवसांनी ढीग पलटा. ओल किती? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. सामू (पीएच) ६ ते ८.

डिझेलला तीन ते सहा महिने धरा. फर्नेस ऑइल आणि डांबर या वेळात जात नाही. ताज्या पेट्रोलची माती उघड्यावर पलटली तर ती साफ झाल्यासारखी दिसते, पण बेन्झीन शेजाऱ्यांच्या खिडकीत गेलेलं असतं. तिथे हवा ओढून कार्बनच्या गाळणीतून सोडावी लागते. पीसीबी असलेली माती बायोपाइलमध्ये घालायची नाही.

शेण आणि गुळाचं द्रावण ओतून काम होईल का, असं विचारतात. त्याने जिवाणूंना सोपं खाद्य मिळतं आणि ते तेल सोडून तेच खातात. गरज असेल तर थोडं, पहिल्याच दिवशी.

### क्रोमियम आणि शिसं: हिराकस, चुना, सिमेंट

हेक्साव्हॅलंट क्रोमियमवर थेट सिमेंट टाकणं ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक. सिमेंट अल्कधर्मी, आणि हे क्रोमियम अल्कधर्मी पाण्यातही मजेत विरघळतं. महिन्याने ढिगाखालून पिवळं पाणी येतं. आधी त्याचं रूप बदलायचं, मग बांधायचं.

१. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून मिसळा. हिशेबाने एक किलो हेक्साव्हॅलंट क्रोमियमला १६ किलो हिराकस लागतं. १०० टन मातीत किलोला ५०० मिलिग्रॅम असेल तर ५० किलो क्रोमियम, म्हणून ८०० किलो. हे कागदावरचं, मातीतला इतर माल आणि हवाही हिराकस खाते, म्हणून आधी बादलीत दुप्पट, तिप्पट, चौपट असे प्रयोग करा. गोणी हिरवट असली पाहिजे. तांबूस झालेलं हिराकस जुनं, निम्मं मेलेलं असतं.
२. एक-दोन दिवस ओलं राहू द्या आणि हेक्साव्हॅलंट पुन्हा तपासा. शिल्लक असेल तर पुढे जाऊ नका.
३. मग चुन्याने सामू ८-९ वर आणा.
४. भार झेलायचा असेल तरच सिमेंट, तेही प्रयोग करून.

शिशाला चुना-सिमेंट चालतं, पण अति झालं की उलटं होतं: सामू ११च्या वर गेला की शिसं पुन्हा सुटायला लागतं. आणि मातीत आर्सेनिक असेल तर शिशासाठी फॉस्फेट वापरू नका, ते आर्सेनिकला मोकळं करतं. "सगळ्या धातूंवर एकच पावडर" विकणाऱ्याला हे दोन प्रश्न विचारा आणि चेहरा बघा.

तपासा: सिमेंट घातलेल्या मातीची निक्षालन चाचणी २८ दिवसांनी. सातव्या दिवसाचा अहवाल दाखवून बिल मागितलं तर थांबवा.

## ८. ढीग पास की नापास

प्रत्येक ढिगातून, आतून आणि खालून, नमुने घ्या. वरची वीतभर माती नेहमीच सर्वांत साफ असते, ऊन-वारा तिला लागलेला असतो. मी दर १०० घनमीटरला एक नमुना धरतो, आणि नमुने उपचार करणाऱ्या ठेकेदाराने नाही, वेगळ्या माणसाने घ्यायचे. नापास ढीग पास ढिगात मिसळायचा नाही, पुन्हा उपचाराला पाठवायचा.

## ९. परत भरणं

पिवळी-उपचारित माती कुठे घालायची: अंतर्गत रस्ते, पार्किंग आणि फरसबंदीखाली, पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्या वर.

कुठे नाही: बाग (एक अपवाद पुढे आहे), खेळण्याची जागा, विहीर-बोअरच्या आसपास. आणि जी जागा सगळे विसरतात ती म्हणजे पर्जन्यजल पुनर्भरणाचे खड्डे. बांधकाम परवानगीत ते असतात, आर्किटेक्ट ते रिकाम्या कोपऱ्यात दाखवतो, आणि रिकामा कोपरा म्हणजे नेमका तुमचा पिवळ्या मातीचा भराव. मग दर पावसाळ्यात आपणच गच्चीचं पाणी त्या मातीतून खाली ढकलतो. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघा. गरज पडली तर खड्डे हलवा किंवा पाणी टाकीत साठवा.

२०-२५ सेंटिमीटरचे थर, योग्य ओल, रोलर, आणि प्रॉक्टर चाचणीत (प्रयोगशाळेत माती ठोकून) मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के घनता येते का याची चाचणी. तूस-चिपाडं घातलेली बायोपाइलची माती रस्त्याखाली घालू नका, ती कुजून खचते. टीपीएच आणि धातू दोन्ही पास असतील तर ती बागेच्या खालच्या थरात चालते.

उपचारित मातीवर इशाऱ्याची भगव्या रंगाची जाळी अंथरा आणि तिच्यावर स्वच्छ माती. मोकळ्या जागेत किमान ६०० मिलिमीटर. झाडं लावायची तर मुळांपुरती खोली वाढवा.

## १०. ताबा देताना

फाइलमध्ये नमुन्यांचे अहवाल, डंपरच्या चिठ्ठ्या, मॅनिफेस्टच्या प्रती, खड्ड्याच्या तळा-भिंतींचे निकाल, ढिगांचे निकाल, आणि सर्वांत वर एक नकाशा: कोणत्या चौकोनात, किती खोलीवर, कोणती माती आहे आणि जाळी कुठे आहे. "इथे बोअर घेऊ नये, इथे ६०० मिलिमीटरखाली खणू नये" हे मराठीत, मोठ्या अक्षरांत. एक प्रत मंडळाला, एक महापालिकेला, एक सोसायटीला. हस्तांतरणाच्या दस्तात उल्लेख करून घ्या.

आणि त्या नकाशाची एक लॅमिनेट केलेली प्रत पंपरूमच्या दाराला आतून लावा. सोसायटीचा सचिव बदलला की फाइल कुठे गेली ते कोणाला सांगता येत नाही. पाइप फुटल्यावर खणायला येणारा प्लंबर मात्र आधी पंपरूममध्येच जातो.